विश्लेषण : विजेचे झटके खोटे, मनाला बसलेला धक्का खरा! संशोधनातील नैतिकतेचा वाद पेटवणारे स्टॅन्ली मिलग्रम कोण होते?

वरिष्ठाने सांगितले म्हणून साधा, सरळमार्गी माणूस दुसऱ्या माणसाला किती इजा करू शकतो? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा प्रयोग १९६१ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात सुरू झाला. त्याचे निष्कर्ष आजही जगभरातील मानसशास्त्राच्या वर्गांत शिकवले जातात. पण याच प्रयोगाने दुसराही एक प्रश्न उभा केला. ज्ञान मिळवण्यासाठी संशोधकाने माणसांना फसवावे का? त्यांना मानसिक त्रास होत असताना प्रयोग चालू ठेवावा का? आज प्रत्येक संशोधनाआधी घेतली जाणारी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी यांच्यामागे या वादाचाही मोठा वाटा आहे. हा प्रयोग करणारे स्टॅन्ली मिलग्रम कोण होते, त्यांनी नेमके काय केले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा हा आढावा.

बेकरीवाल्याचा मुलगा ते हार्वर्ड

मिलग्रम यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात झाला. आईवडील ज्यू होते आणि पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेले होते. वडील बेकरीत पदार्थ बनवण्याचे काम करीत. मिलग्रम यांचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले. युरोपात ज्यूंच्या झालेल्या संहाराचा विषय या घरासाठी परका नव्हता. कायदा पाळणारी, कुटुंबवत्सल माणसे अशा हत्याकांडात सहभागी कशी होतात, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून होता.

ब्राँक्समधील जेम्स मन्रो हायस्कूलमध्ये त्यांच्याच वर्गात फिलिप झिम्बार्डो नावाचा मुलगा होता. पुढे स्टॅनफर्ड येथील तुरुंगाच्या प्रयोगामुळे झिम्बार्डोही जगभर गाजले. मानसशास्त्रातील सर्वाधिक वादग्रस्त ठरलेल्या दोन प्रयोगांचे कर्ते एकाच शाळेत एकत्र शिकत होते, हा योगायोगच.

मिलग्रम यांनी क्वीन्स कॉलेजमधून १९५४ मध्ये पदवी घेतली, तीही राज्यशास्त्रात. हार्वर्डमध्ये पीएच.डी.साठी अर्ज केला, तेव्हा मानसशास्त्राचा एकही विषय न शिकल्याने तो आधी नाकारला गेला. त्यांनी त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधील महाविद्यालयांत मानसशास्त्राचे अनेक विषय एकदम पूर्ण केले आणि हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवला.

रेषांच्या प्रयोगातून मिळालेली दिशा

हार्वर्डमध्ये त्यांना सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा साहाय्यक म्हणून काम करण्याची संधी मिळाली. ॲश यांचा प्रयोग साधा होता. कागदावरील कोणती रेषा नमुन्याच्या रेषेएवढी आहे, एवढेच सांगायचे. पण खोलीतील बाकीचे सगळे संशोधकाचे साथीदार असत आणि ते ठरवून चुकीचे उत्तर देत. अशा वेळी समोर दिसत असलेले नाकारून साधारण एक तृतीयांश उत्तरे गटाच्या सुरात सूर मिसळून दिली गेली.

मिलग्रम यांनी पीएच.डी.साठी याच प्रयोगाचा वेगळा अवतार नॉर्वे आणि फ्रान्समध्ये केला. त्यात रेषांऐवजी ध्वनी वापरले. नॉर्वेचे लोक फ्रेंच लोकांपेक्षा गटापुढे अधिक झुकतात, असे त्यांना आढळले. पण रेषेची लांबी किंवा आवाजाचा कालावधी चुकीचा सांगितल्याने कोणाचे बिघडत नाही, हे त्यांना खटकत होते. समोरच्या माणसाला इजा होणार असेल, तरी लोक असेच झुकतील का, हा पुढचा प्रश्न होता.

१९६० मध्ये पीएच.डी. पूर्ण करून ते येलमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले. त्याच वर्षी नाझी अधिकारी ॲडॉल्फ आइकमन अर्जेंटिनात पकडला गेला. एप्रिल १९६१ मध्ये जेरुसलेमला त्याच्यावर खटला सुरू झाला. आपण फक्त हुकूम पाळत होतो, असा त्याचा बचाव होता. ऑगस्ट १९६१ मध्ये येलमध्ये मिलग्रम यांचे प्रयोग सुरू झाले. तेव्हा ते जेमतेम २८ वर्षांचे होते.

प्रयोग नेमका कसा होता?

न्यू हेवन शहरातील वृत्तपत्रात जाहिरात दिली गेली. स्मरणशक्ती आणि शिकण्याच्या प्रक्रियेवरील अभ्यासासाठी माणसे हवीत, एका तासाचे ४ डॉलर आणि प्रवासाचे ५० सेंट मिळतील, असा तिचा मजकूर होता. टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, अभियंते, मजूर असे सर्व थरांतील २० ते ५० वयोगटातील पुरुष आले. पैसे फक्त येण्याबद्दल आहेत, पुढे काहीही झाले तरी ते परत घेतले जाणार नाहीत, हेही त्यांना सांगण्यात आले.

प्रयोगशाळेत करड्या कोटातील एक संशोधक आणि आणखी एक सहभागी भेटत. चिठ्ठी टाकून एकाने शिक्षक आणि दुसऱ्याने विद्यार्थी व्हायचे ठरे. प्रत्यक्षात दोन्ही चिठ्ठ्यांवर शिक्षक असेच लिहिलेले असे. ‘दुसरा सहभागी’ हा मिलग्रम यांचाच साथीदार होता. करड्या कोटातील माणूसही मानसशास्त्रज्ञ नव्हता. तो शाळेत जीवशास्त्र शिकवणारा शिक्षक होता.

विद्यार्थ्याला शेजारच्या खोलीत खुर्चीला पट्ट्यांनी बांधले जाई. शिक्षकाने शब्दांच्या जोड्या विचारायच्या आणि प्रत्येक चुकीला विजेचा झटका द्यायचा. समोरच्या यंत्रावर १५ ते ४५० व्होल्टपर्यंत ३० बटणे होती. सौम्य झटक्यापासून धोकादायक झटक्यापर्यंतच्या पाट्या त्यावर लावलेल्या होत्या. यंत्र खरे वाटावे म्हणून शिक्षकाला ४५ व्होल्टचा एक खरा झटका आधी दिला जाई. त्यानंतर विद्यार्थ्याला एकही झटका प्रत्यक्षात बसत नसे.

पहिल्या आवृत्तीत ३०० व्होल्टला विद्यार्थी भिंतीवर हात आपटे आणि ३१५ नंतर पूर्ण शांतता पसरे. नंतरच्या आवृत्त्यांत तो ओरडे, १५० व्होल्टला सोडून देण्याची मागणी करी. काही आवृत्त्यांत त्याला हृदयाचा त्रास असल्याचेही आधी सांगितलेले असे. शिक्षक थबकला की संशोधक शांत स्वरात पुढे चालू ठेवायला सांगे. असे सांगण्याचे चार टप्पे ठरलेले होते. शेवटच्या टप्प्यात, आता दुसरा पर्यायच नाही, असे बजावले जाई.

निकाल काय लागला?

आधी मानसोपचारतज्ज्ञांच्या एका गटाला अंदाज विचारला गेला होता. शेवटच्या बटणापर्यंत हजारात एखादाच जाईल, असे त्यांना वाटले. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधातील आकडा होता ४० पैकी २६, म्हणजे ६५ टक्के. ३०० व्होल्टच्या आधी कोणीही थांबले नव्हते.

मिलग्रम यांनी मे १९६२ पर्यंत परिस्थिती बदलून बदलून प्रयोग केले. त्यांत ७००हून अधिक लोक सहभागी झाले. विद्यार्थी त्याच खोलीत असेल तर शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांवर आले. त्याचा हात धरून धातूच्या पट्टीवर ठेवायचा असेल तर ३० टक्के. संशोधक खोलीबाहेर जाऊन फोनवरून सूचना देऊ लागला तर सुमारे २० टक्के. सोबतच्या दोन ‘शिक्षकांनी’ नकार दिला, तर फक्त १० टक्के. महिलांवर केलेल्या आवृत्तीत प्रमाण पुन्हा ६५ टक्केच होते.

याचा अर्थ स्पष्ट होता. माणूस क्रूर आहे की नाही, यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत उभा आहे, याला फार महत्त्व आहे.

मग वाद कशाचा?

त्याच निबंधात मिलग्रम यांनी सहभागींची अवस्थाही नोंदवली होती. अनेकांना दरदरून घाम फुटला, ते थरथरत होते, अडखळत बोलत होते, ओठ चावत होते. ४० पैकी १४ जणांना अस्वस्थतेपोटी हसू येत होते. तिघांना तर अनावर झटके आले. मिलग्रम यांनी आदेशाची ताकद दाखवण्यासाठी हे लिहिले होते. वाचणाऱ्यांच्या मनात वेगळाच प्रश्न आला : हे सगळे दिसत असताना प्रयोग थांबवला का नाही?

१९६४ मध्ये बर्कली येथील मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात हा प्रश्न जाहीरपणे विचारला. त्यांचे आक्षेप तीन प्रकारचे होते. एक, प्रयोगशाळेत येणारा माणूस संशोधकावर विश्वास टाकून आलेला असतो आणि त्या विश्वासाचा इथे गैरवापर झाला. दोन, आपण दुसऱ्याला इजा करू शकतो हे कळल्याने माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा ढासळू शकते आणि प्रयोगानंतरच्या थोड्या समजुतीने ती भरून निघेलच असे नाही. तीन, प्रयोगशाळेतील परिस्थितीची नाझी जर्मनीशी तुलनाच होऊ शकत नाही, त्यामुळे एवढा त्रास देऊन मिळालेले ज्ञान त्या किमतीचे आहे का, हीच शंका आहे.

मिलग्रम यांचा बचाव काय होता?

मिलग्रम यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकातून उत्तर दिले. एवढे लोक शेवटपर्यंत जातील, असा अंदाज कोणीच केला नव्हता, त्यामुळे हा ताण आधी कळणे शक्य नव्हते. क्षणिक ताण म्हणजे कायमची इजा नव्हे. प्रत्येकाची नंतर विद्यार्थ्याशी भेट घडवून समेट करून दिला गेला. त्यांनी सहभागींना पाठवलेल्या प्रश्नावलीचे आकडेही मांडले. सहभागी झाल्याचा आनंद आहे, असे सुमारे ८४ टक्के लोकांनी कळवले होते. खंत व्यक्त करणारे १.३ टक्के होते. वर्षभराने एका मानसोपचारतज्ज्ञाने ज्यांना त्रास झाला असण्याची शक्यता अधिक होती अशा काही जणांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यालाही इजेची लक्षणे दिसली नाहीत.

हा बचाव वरवर भक्कम वाटतो, पण त्यात दोन अडचणी आहेत. पहिली, अंदाज नव्हता हे पहिल्या काही सहभागींबाबत मान्य करता येते. पण ताण किती होतो हे दिसल्यानंतरही शेकडो लोकांवर प्रयोग चालू राहिले. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. नंतर आनंद वाटला, म्हणजे आधी परवानगी दिली होती असे होत नाही.

सहभागींनी प्रयोगाआधी एका कागदावर सही केली होती, हे खरे. पण त्या कागदात आपण स्वेच्छेने भाग घेत आहोत आणि येल विद्यापीठावर कोणताही कायदेशीर दावा करणार नाही, एवढेच होते. प्रयोग कशाचा आहे, त्यात काय होऊ शकते, मध्येच थांबता येईल का, यातले काही त्यात नव्हते. अशी सही संस्थेचे संरक्षण करते. सहभागी माणसाला त्यातून काही मिळत नाही. ॲप डाउनलोड करताना न वाचता दाबलेल्या ‘मान्य आहे’ या बटणासारखाच हा प्रकार.

समेट खरोखर झाला होता का?

येल विद्यापीठात जतन केलेली मिलग्रम यांची कागदपत्रे आणि ध्वनिफिती पुढे संशोधकांनी तपासल्या. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जिना पेरी यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि काही सहभागींना शोधून त्यांच्याशी बोलल्याही. त्यातून समोर आलेले चित्र वेगळे होते.

बहुतेकांना प्रयोगशाळा सोडताना पूर्ण सत्य सांगितलेच गेले नव्हते. झटके वाटले तेवढे तीव्र नव्हते, असे सांगून त्यांची बोळवण केली गेली. विद्यार्थी ठीकठाक असल्याचे दाखवले गेले. झटके मुळात नव्हतेच, हे गुपित होते, कारण शहर लहान होते आणि बातमी पसरली तर पुढचे प्रयोग निरर्थक ठरले असते. खरा प्रकार सांगणारा अहवाल टपालाने गेला तो १९६२ च्या उन्हाळ्यात. सुरुवातीला आलेल्यांनी तोवर जवळपास वर्षभर आपण माणसाला खरोखर झटके दिले, या समजुतीत काढले. विद्यार्थी मेला तर नाही ना, या भीतीने एक सहभागी पुढचे काही दिवस वृत्तपत्रातील निधनवार्ता पाहत होता, असेही त्या कागदपत्रांत आहे.

करड्या कोटातील संशोधकाने अनेकदा ठरलेल्या चार टप्प्यांपलीकडे जाऊन आग्रह केल्याचेही फितींमधून दिसते. मिलग्रम यांच्या खासगी टिपणांत तर लोकांना अशा परिस्थितीत आणून ठेवणे योग्य आहे का, अशी शंका त्यांनी स्वतःच लिहून ठेवलेली आढळते. जाहीर लिखाणात ही शंका फारशी उमटली नाही.

इथे प्रयोग आणि प्रयोगकर्ता यांच्यातील साम्य लक्षात येते. समोरच्याला त्रास होत असूनही काम पुढे नेणे महत्त्वाचे, असे मानणारा माणूस मिलग्रम यांना बटणासमोर बसवून अभ्यासायचा होता. आरशाच्या काचेमागून पाहणारा संशोधकही काही प्रमाणात त्याच जागी होता. त्याला थांबवू शकेल असे बाहेरचे कोणी नव्हते.

वादाची किंमत किती मोजावी लागली?

येलमधीलच एका सहकाऱ्याच्या तक्रारीमुळे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने मिलग्रम यांचा सदस्यत्वाचा अर्ज सुमारे वर्षभर रोखून धरला. चौकशीनंतर तो मान्य झाला. १९६४ मध्ये अमेरिकेतील विज्ञान प्रगती संघटनेचे पारितोषिकही याच कामासाठी मिळाले. १९६३ मध्ये ते हार्वर्डला परतले होते, पण तिथे त्यांना कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळाले नाही. प्रयोगाचा वाद हे त्यामागचे एक कारण मानले जाते. १९६७ मध्ये ते न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

त्यांचे नाव एकाच प्रयोगाशी जोडले गेले असले, तरी त्यांची कल्पकता तिथे संपली नाही. जगातील कोणतीही दोन माणसे ओळखीच्या किती दुव्यांनी जोडलेली आहेत, हे त्यांनी पत्रे पाठवून तपासले. नेब्रास्का आणि बॉस्टन येथील लोकांनी बॉस्टनजवळच्या एका शेअर दलालापर्यंत ओळखीपाळखीतून पत्र पोहोचवायचे होते. २९६ जणांपासून सुरू झालेल्या साखळ्यांपैकी ६४ पोहोचल्या आणि मधल्या दुव्यांची सरासरी पाचच्या आसपास निघाली. समाजमाध्यमांच्या चर्चेत येणारी ‘सहा दुव्यांची’ कल्पना याच अभ्यासामुळे लोकप्रिय झाली.

दुसऱ्या एका अभ्यासात त्यांनी न्यू हेवनमध्ये ४०० पत्रे मुद्दाम ‘हरवली’. वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नावाची १०० पैकी ७२ पत्रे लोकांनी उचलून टपालात टाकली. नाझी पक्षाच्या मित्रांच्या नावाची फक्त २५. इथेही कोणाची संमती नव्हती, पण कोणाची ओळख नोंदवली गेली नाही आणि कोणाला घाम फुटला नाही. फसवणुकीचे सगळे प्रकार सारखे नसतात, हे यातून दिसते.

१९७० च्या दशकात त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत अनोळखी प्रवाशाकडे विनाकारण जागा मागायला पाठवले. दोन तृतीयांशांहून अधिक प्रवाशांनी जागा दिली. पण विद्यार्थ्यांना विचारणेच अवघड जात होते. म्हणून मिलग्रम स्वतः गेले, तेव्हा शब्द त्यांच्या घशातच अडकले आणि जागा मिळाल्यावर त्यांना अक्षरशः मळमळू लागले. एक अलिखित नियम मोडताना काय वाटते, हे त्यांनी या वेळी सहभागीच्या जागी उभे राहून अनुभवले.

आज्ञापालनाच्या प्रयोगांवरील त्यांचे पुस्तक १९७४ मध्ये आले. २० डिसेंबर १९८४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५१. २०१५ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘एक्स्पेरिमेंटर’ हा चित्रपट आला.

नियम कसे बदलले?

हे सगळे एकट्या मिलग्रम यांच्यामुळे घडले, असे म्हणणे चुकीचे ठरेल. नाझी डॉक्टरांवरील खटल्यानंतर १९४७ मध्येच न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य मानली होती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची पहिली आचारसंहिता १९५३ ची. पण प्रत्यक्ष संशोधनात बराचसा निर्णय संशोधकाच्या सद्सद्विवेकावर सोडलेला होता.

कायदा यायला मोठा धक्का लागला तो १९७२ मध्ये. अलाबामातील टस्कीगी येथे सिफिलिस झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांवर १९३२ पासून उपचारच केले गेले नव्हते. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले गेले नाही. हे उघड झाल्यावर १९७४ मध्ये राष्ट्रीय संशोधन कायदा झाला आणि सरकारी अनुदानावरील संशोधनासाठी प्रत्येक संस्थेत आढावा मंडळ बंधनकारक झाले. १९७९ च्या बेलमाँट अहवालाने तीन तत्त्वे घालून दिली : व्यक्तीचा आदर, हित साधणे आणि न्याय.

मानसशास्त्राच्या क्षेत्रात मात्र संदर्भाला मिलग्रम यांचाच प्रयोग असे. संघटनेने १९७३ मध्ये मानवी सहभागींवरील संशोधनासाठी स्वतंत्र तत्त्वे प्रसिद्ध केली. आजच्या संहितेनुसार शारीरिक वेदना किंवा तीव्र मानसिक त्रास होण्याची शक्यता असेल, तर त्याबाबत सहभागीला फसवता येत नाही. इतर बाबतीतही दुसरा मार्ग नसेल तरच फसवणूक, आणि खरे काय ते शक्य तितक्या लवकर सांगणे आवश्यक.

समितीची परवानगी म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. मिलग्रम यांचे वर्गमित्र झिम्बार्डो यांनी १९७१ मध्ये स्टॅनफर्डला केलेल्या प्रयोगाला विद्यापीठाच्या समितीची मंजुरी होती. काही विद्यार्थ्यांना कैदी आणि काहींना पहारेकरी बनवलेला तो प्रयोग दोन आठवडे चालणार होता. पहारेकऱ्यांनी कैद्यांचा छळ सुरू केल्याने तो सहाव्या दिवशी बंद करावा लागला. म्हणूनच आज परवानगीइतकेच महत्त्व कोणत्याही क्षणी बाहेर पडण्याच्या हक्काला आहे.

आज हा प्रयोग करता येईल का?

जसाच्या तसा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरी बर्गर यांनी बदललेल्या स्वरूपात तो केला आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मिलग्रम यांच्या प्रयोगात १५० व्होल्ट ओलांडणारे बहुतेक जण शेवटपर्यंत गेले होते. म्हणून बर्गर यांनी १५० लाच प्रयोग थांबवला. मानसिक ताण सहन न होणारे लोक आधीच वगळले. कधीही थांबा, पैसे तुमचेच, हे किमान तीनदा सांगितले. प्रयोग संपताच काही क्षणांत सत्य सांगितले. तरीही १५० च्या पुढे जायला ७० टक्के लोक तयार होते.

म्हणजे माणसांना त्या अवस्थेत न ढकलताही याच प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर मिळू शकते. नियमांमुळे संशोधन अडते, या तक्रारीला हे एक उत्तर आहे.

भारतात आणि तुमच्या मोबाइलवर काय?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) या विषयावरील पहिले धोरण १९८० मध्ये मांडले. सध्याची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ ची असून त्यांत आरोग्याशी निगडित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचाही समावेश आहे. त्याआधी २००० मध्ये मुंबईतील ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने आरोग्यविषयक समाजशास्त्रीय संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली होती.

मात्र आता प्रयोगशाळा खिशात आली आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमधील आनंदी किंवा दुःखी मजकूर आठवडाभर कमी करून पाहिला आणि त्याचा त्यांच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते तपासले. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर गदारोळ झाला. खाते उघडताना मान्य केलेल्या अटी हीच संमती, असे तेव्हा मानले गेले होते. प्रसिद्ध करणाऱ्या नियतकालिकालाही नंतर चिंता व्यक्त करणारे निवेदन द्यावे लागले.

एखाद्या सर्वेक्षणात किंवा अभ्यासात भाग घेण्याची विनंती आली, तर चार गोष्टी विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे : अभ्यास कशाचा आहे, त्यात कोणता त्रास होऊ शकतो, मध्येच सोडता येईल का आणि माझ्या माहितीचे पुढे काय होणार. न्यू हेवनमध्ये साडेचार डॉलरसाठी आलेल्या माणसांना यातले काहीही सांगितले गेले नव्हते. त्यांच्यापैकी नकार देणारेही होते आणि नकार देता येतो हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.